मागची बाजू

मेंढीच्या गळ्यातली घंटा. मागून आणलेली गिटार. नॉर्वेचं टपाल तिकीट. साताऱ्याच्या मुकुलनं नॉर्वेचा, कर्कश ब्लॅक मेटल संगीत वाजवणारा बँड हुडकला, तेव्हा त्या बँडला तिकडंही कुणी विचारत नव्हतं. आपली कॅसेट धाडली, की ते त्यांची धाडत. कोरी मिळेना, म्हणून मुकुलनं म्हसवडच्या मेंढपाळ दोस्ताच्या, अर्जुनाच्या कॅसेटवर एका बाजूला गिटार भरून पाठवली. मागच्या बाजूला अर्जुनाचं नाव आणि त्यानं रानात भरलेला मेंढरांचा आवाज तसाच होता. सत्त्याण्णवात बँड युरोपभर गाजला. नव्या कॅसेटच्या सुरुवातीलाच वारा, घंटा, अर्जुनाची हाळी. कव्हरवर आभारांत अर्जुनाचंच नाव. "आयला, आमची मेंढरं नॉर्वेत वरडत्यात रं!" अर्जुना हरखला. "पर तुजी गिटार कुटं हाय, गड्या?" "त्यांनी मागचीच बाजू ऐकली असेल," मुकुल म्हणाला. छापील नावावर त्याचं नख घासत राहिलं. तीन वर्षांपूर्वी गिटारच्या बाजूवर त्यानंच इंग्रजीत लिहिलं होतं: आधी ही ऐका.