आश्रितांचा रकाना

"आश्रित कितने लिखूँ, भैया?" वकील धर्मपाल यांनी पेन वर धरून विचारलं.

चहाचा ट्रे घेऊन आलेल्या विमलाताई दारातच थांबल्या. बैठकीत त्यांच्या धाकट्या भावाचं, शेखरचं शपथपत्र भरणं चाललं होतं. शेखर ब्राह्मणपाऱ्याच्या वॉर्डातून पार्षदकीला, म्हणजे नगरसेवक व्हायला, उभा राहत होता. उमेदवाराला आपलं, बायकोचं आणि आश्रितांचं, म्हणजे त्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसांचं, जे काही असेल ते लिहून द्यावं लागतं. घर, जमीन, दागिने, सगळं. खाली शपथ, की यात खोटं काही नाही आणि लपवलेलंही काही नाही.

विमलाताईंना त्या रकान्याचं फार अप्रूप वाटलं. नवरा गेल्यावर त्या भावाकडे आल्या, त्याची दोन्ही पोरं त्यांनी न्हाऊमाखू घालून मोठी केली आणि ती नोकरीला लागून बंगळूरला गेलीसुद्धा. दारावरच्या पाटीवर शेखर होता, रूपालीवहिनी होती, कुत्र्यापासून सावध राहायची सूचनाही होती. विमलाताई नव्हत्या. आज मात्र सरकार स्वतःहून विचारत होतं, की या घरात आणखी कोण असतं बुवा? फोटो काढायचा असावा तसा त्यांनी एका हाताने पदर सारखा केला.

"कोणी नाही," शेखर म्हणाला. "निरंक लिहा."

वकिलांनी दाराकडे पाहिलं. मग शेखरनेही पाहिलं आणि तो जरा ओशाळला. शेखर तसा वाईट नव्हता. वाईट असता तर विमलाताईंना कितीतरी सोपं गेलं असतं.

"ताई, वाईट नको वाटू देऊ," तो म्हणाला. "कागदापुरतं आहे हे. तुझं नाव टाकलं तर चौबे कॉलोनीचा फ्लॅटबी टाकावा लागते. मंग लोक विचारतीन, पंडरीतल्या आपल्या कपड्याच्या दुकानातून एवढा मोठा फ्लॅट कसा काय निघाला?"

फ्लॅट विमलाताईंच्या नावावर होता. रजिस्ट्रीच्या कागदावर खरेदीदार म्हणून त्यांचाच फोटो होता, जरासा घाबरलेला. शेखरने "इथं सही कर" म्हटलं आणि त्यांनी केली, एवढाच त्या खरेदीतला त्यांचा वाटा. भाडेकरू ठेवला तर बोभाटा होईल म्हणून फ्लॅट बंदच असे. किल्ली त्यांच्या कमरेला. अधूनमधून जाऊन त्या खिडक्या उघडत, नळाचं तांबूस पाणी सोडून देत, बाल्कनीत घटकाभर बसत. तिथं कुणी हाक मारत नसे. ही चैन त्यांनी घरी कधी सांगितली नव्हती.

"पर दीदी रहती तो इसी घर में हैं," धर्मपाल म्हणाले. "सामनेवाले ऑब्जेक्शन लेंगे. एक लाइन साफ लिखनी पड़ेगी."

"लिहा ना."

वकिलांनी लिहिलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं. बड़ी बहन विमला स्वतंत्र हैं, शपथकर्ता पर आश्रित नहीं हैं. उनकी संपत्ति उनकी अपनी है, शपथकर्ता का उस पर कोई हक नहीं.

"वा! एकदम फिट," शेखर खूश झाला.

"सोच लो भैया. शपथ है. कलेक्टोरेट के बोर्ड पे लगेगा, कोई भी पढ़ लेगा."

"पढू द्या ना जगाले!"

विमलाताईंनी ट्रे ठेवला आणि त्या आत गेल्या. त्यांना रडू आलं. इतक्या वर्षांनी एकदाचं कागदावर नाव आलं, तेही ही आमची कुणी नाही हे सांगायला! कांदे चिरताना कुणी काही विचारत नाही, म्हणून त्यांनी कांदे चिरायला घेतले. घरात लागत नव्हते तेवढे चिरले.

मग दारातून ढोल-ताशे निघाले, अर्ज भरायची मिरवणूक गेली, घर शांत झालं. विमलाताईंच्या मनात ते वाक्य घोळत राहिलं. नवऱ्याची रेल्वेची पेन्शन त्यांना दर महिन्याला मिळत होती. तिच्यातूनच या घरात भाजीपाला येत होता, गॅसही. स्वयंपाक त्यांचा, पापड-कुरड्या त्यांच्या. वाक्यात खोटं नेमकं काय आहे, ते त्या दुपारभर शोधत बसल्या. सापडलं नाही.

दिवस कलता शेखर परतला. गळ्यात हार, कपाळभर गुलाल. तो सोफ्यावर ऐसपैस बसला.

"ताई, अर्ज भरला एकदाचा. आता उद्या माझ्यासंगं रजिस्ट्री ऑफिसले चल. फ्लॅट विकून टाकू. प्रचाराले पैसा लागून राहिला."

विमलाताई आतून आल्या. त्यांच्या हातात कपड्यांची पिशवी होती आणि डब्यात बांधून घेतलेली पोळी-भाजी. रूपालीवहिनी मागोमाग आली.

"कुठं चालली?" शेखरने विचारलं.

"माझ्या घरी. चौबे कॉलोनीत."

शेखर हसला. मग बहिणीचं तोंड पाहून हसायचं थांबला. "मजाक नको करू, ताई. तो फ्लॅट कोणाचा आहे हे तुले माहीत नाही काय?"

"हव, माहीत आहे ना."

त्या जवळ आल्या. लहानपणी त्याचं शेंबडं नाक पुसत, तसा त्यांनी पदराने त्याच्या डोळ्यात उतरत असलेला गुलाल पुसला.

"तू शपथेवर लिहून देल्लं, बाबू. बोर्डावर लागलं, सारं जग वाचून राहिलं. आता तुले खोटं पडू देऊ काय मी?"