जांभळं पान

“उलटं,” आई म्हणाली.

घड्याळजींनी भरतकामाच्या रिंगमधल्या कापडाकडे पाहिलं, चष्मा नाकावर नीट बसवला आणि सुईला दोऱ्याचा वेढा पुन्हा त्याच बाजूने घातला.

“उ...लटं,” आई परत म्हणाली. तेव्हा कुठे ते मान डोलवून टाका उसवायला लागले.

मुलगी दारातच उभी होती. खांद्यावरची पर्सही तिने अजून उतरवली नव्हती. कुरियरच्या काउंटरवर आठ तास उभं राहून तिच्या पोटऱ्यांचे दगड झाले होते, आणि घरात पाऊल टाकावं तर हा रोजचा खेळ. पलंगावर उशांना टेकलेली आई, शेजारच्या खुर्चीत तिचे घड्याळजी बाबा आणि दोघांच्या मध्ये ते कापड. त्यावर जांभळी पानं, हिरवी फुलं, आणि गाठी म्हणाव्यात तर गाठी, नाहीतर नुसता गुंता.

आठ महिन्यांपूर्वी आईला झटका आला. उजवा हात गेला, बोलणंही गेलं. घरातले पडदे, अभ्रे, टेबलावरची चादर, सगळ्यावर जिचं भरतकाम, तिला आता स्वतःची गुंडी लावता येत नव्हती. बोलायला शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. पहिल्या वर्षात जेवढं बोलणं परत येईल तेवढं खरं, असं त्यांनी जाता जाता जिन्यात सांगितलं होतं. चित्रांची कार्डंही दिली होती. घोडा, छत्री, केळं. रोज अर्धा तास. मुलगी रोज संध्याकाळी ती घेऊन बसायची आणि आई रोज भिंतीकडे तोंड फिरवायची. वर्षातले चार महिने उरले होते.

आणि बाबांनी काय करावं, तर भरतकामाचा छंद लावून घेतला. ज्या माणसाने चाळीस वर्षं घड्याळांतले केसाएवढे स्क्रू चिमट्याने बसवले, त्याला साधा गाठीचा टाका जमत नव्हता. काल साखळी टाका वाकडा, परवा काजाचा टाका उलटा. रंगांचं तर विचारूच नका. साठी बुद्धी नाठी म्हणतात, यांची बोटंही नाठी झाली, अशी मुलीने स्वतःची समजूत घातली होती. आज मात्र तिला राहवलं नाही.

“बाबा, आठ महिन्यांत एक गाठ येत नाही तुम्हाला? पुरे झाली ही हौस. त्यापेक्षा ती कार्डं घेऊन बसत जा ना तिच्यापाशी.”

“जमेल गं हळूहळू,” बाबा म्हणाले आणि नवा दोरा ओवायला घेतला. तो मात्र पहिल्याच खेपेला ओवला गेला.

आईच्या उशीचा अभ्रा बदलायचा होता. धुतलेले अभ्रे आतल्या खोलीत बाबांच्या कपाटात असत. मुलीने वरचे दोन बाजूला केले, तर खाली, घड्याळाच्या हत्यारांच्या डब्याखाली, एक घडी केलेलं कापड हाताला लागलं. तिने ते उलगडलं. कोपऱ्यात एक वेल होती. हिरवी पानं, जांभळी फुलं, आणि प्रत्येक फुलात पाच गाठी, पाचही मोहरीएवढ्या आणि एकसारख्या. मागची बाजू पाहिली. तीही पुढच्यासारखीच स्वच्छ. आईचंच काम, तिला वाटलं. मग तिचं लक्ष निळ्या काठाकडे गेलं. हे कापड तिने स्वतः दोन महिन्यांपूर्वी बाजारातून आणलं होतं.

मागे बाबा उभे होते. त्यांनी दार हळूच लोटलं.

“दुपारी ती झोपते तेव्हा काढतो,” ते खालच्या आवाजात म्हणाले. “बरोबर कसं ते आल्याशिवाय नेमकं चुकायचं कसं?”

“पण कशाला बाबा?”

“अगं, कार्डावरचा घोडा घोडाच असतो. त्यावर ती काय बोलणार? पण चुकलेला टाका समोर असताना गप्प बसणं तुझ्या आईच्या स्वभावातच नाही. आधी नुसतं ‘नको’ म्हणायची. मग ‘उलटं’ आलं. मागच्या आठवड्यात ‘जांभळा नाही’, असे दोन शब्द आले. मी नीट काढायला लागलो तर ती तोंड कशाला उघडेल?” त्यांनी कापडाची घडी घातली. “तिला सांगू नकोस हं. तिला कळलं तर संपलं सगळं.”

मुलीला स्वतःची लाज वाटली. पण त्याहून जास्त हलकं वाटलं. हे ओझं आपण एकटीच ओढतोय, असं ती आठ महिने धरून चालली होती.

तिने अभ्रा बदलला, उशी आईच्या पाठीशी सारली आणि बाबांच्या खुर्चीत बसली. पाय ठणकत होते. कार्डांचा गठ्ठा समोरच होता, त्याला तिने हात लावला नाही. रिंग मांडीवर घेतली, लडींमधून दोरा निवडला आणि अगदी साळसूदपणे म्हणाली, “आई, या पानाला जांभळा घेते हं.”

आईने दोऱ्याकडे पाहिलं. मग मुलीकडे. मग दाराशी चहाचा कप घेऊन थांबलेल्या घड्याळजींकडे. तिच्या ओठाचा डावा कोपरा जरासा वर गेला. शब्द जुळवायला तिला बराच वेळ लागला.

“आता... तू पण... मुद्दाम... चुकणार?”