कापलेली नाडी

जुन्या कपड्यांची फडकी करायच्या त्या कारखान्यात आतल्या कपड्यांचा ढीग नेहमी आबांच्याच वाट्याला यायचा. बाकीचे नाकं मुरडायचे. आबा म्हणायचे, "लाज माणसाला असते. चिंधीला कसली आलीय?"

एक खूण त्यांना पक्की ठाऊक होती. चड्डीची नाडी सोडलेली असली तर माणूस जिवंत, कापलेली असली तर गेलेला. मेल्या अंगावरची गाठ सोडवत बसायला कुणाला वेळ असतो?

त्या दुपारी निघालेल्या चड्डीची नाडी कापलेली होती. निरगाठ तशीच, शेजारून कात्री चालवलेली. मागे फुलाफुलाचं ठिगळ होतं. ते बघून आबांचा हात थांबला. बायको जायच्या आधी तिनं स्वतःचा झगा फाडून आबांच्या चड्डीला असंच ठिगळ लावलं होतं, वर म्हणाली होती, "बसा आता फुलांवर!"

ती चड्डी आज त्यांच्या अंगात होती.

त्यांनी मागे हात नेऊन चाचपलं. विजारीच्या आत ठिगळाची जाड शिवण लागली. कमरेची निरगाठही जागेवर होती.

"काय आबा, सोनं सापडलं का?" शेजारची बाई हसली.

"माझ्या पोरानं टाकलीय," आबा म्हणाले. "धुवायचीसुद्धा तसदी घेतली नाही."

"कुणाची आहे?"

आबांनी पुन्हा स्वतःच्या कमरेची गाठ चाचपली. हातातली चड्डी अजून अंगाइतकी गरम होती.