दोन खुंट्या
निवडणूक लागली की परवान्याच्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा होत आणि तेवढे दिवस चंदनाला शांत झोप लागे. नवरा गोमटेश म्हणे, बंदूक उसातल्या रानडुकरांसाठी आहे; पण गेल्या वर्षी बांधाच्या भांडणात त्यानं ती सख्ख्या भावावर रोखली होती. येऊ घातलेल्या नव्या कायद्यानं बंदुका कायमच्या ठाण्यात राहणार, असं ऐकून तिनं बस्तीत, जैन देवळात, देवापुढं हात जोडले होते. पण सदलग्यात प्रचाराला आलेले दोन्ही उमेदवार एकच बोलले, "तुमच्या बंदुकीला कुणालाबी हात लावू देणार न्हाय." निकालानंतर आठवड्यात गोमटेश बंदूक सोडवून घरी आला, तर भिंतीवर ती टांगायच्या दोन्ही खुंट्या नव्हत्या. "खुंट्या कुठं गेल्या गं?" "वाळवी लागलती. चुलीत घातल्या." त्यानं भिंतीतली ताजी भोकं पाहिली, मग तिच्याकडं बघून हसला. "ऱ्हाऊ दे. आजपासनं उशाला घेऊनच झोपतो."