तिसरी चौकट

संपादक यशराजनं चित्रात पोतं संगणकावर आधीच बसवून ठेवलं होतं. तिसऱ्या चौकटीत, म्हशीच्या तोंडासमोर. पोत्यावर ठसठशीत लाल अक्षरं होती: धनगौरी पशुखाद्य.

"काका, चित्र तुमचंच आहे. फक्त एक पोतं वाढलंय," तो म्हणाला.

कृष्णातनं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. त्यानं काढलेली म्हैस नळाकडं बघत होती. आता पोत्याआडून नळाचं नुसतं टोक दिसत होतं.

सत्तावीस वर्षं तो या पेपरात रोज तीन चौकटी काढत होता. पहिल्या दोन चौकटींत दूधकट्ट्यावरची माणसं बोलायची. गवळी, गिऱ्हाईक, पुढारी, परगावचं पावणं. तिसऱ्या चौकटीत एकटी चंद्री म्हैस असायची. ती बोलायची नाही, नुसती बघायची. पहिला दिवस सोडला तर त्या चौकटीत कृष्णातनं आजवर एक अक्षर लिहिलं नव्हतं. दुकानाची पाटी काढली तरी कोरी.

चंद्रीसाठी लोक पेपर मागच्या पानावरून उघडत. एका दिवाळीत जाहिरातींच्या गर्दीत तिची जागा गेली, तेव्हा कचेरीतला फोन दुपारपर्यंत थांबला नव्हता. हातकणंगले स्टेशनाबाहेरच्या चहावाल्यानं तिची कात्रणं चिकटवून अख्खी भिंत भरून टाकली होती. म्हणूनच धनगौरी कंपनीला चंद्री हवी होती. आठवड्यातून एकदा पोतं दिसलं की वर्षभर जाहिराती. नाहीतर सोमवारपासून त्या जागी शब्दकोडं. हे सांगताना यशराजचा आवाज चढला नाही. त्याच्याच वडिलांनी कृष्णातला पेपरात आणलं होतं, त्यामुळे तो टेबलाकडं बघूनच बोलत होता. पाच वाजेपर्यंत फोन करा, एवढंच शेवटी म्हणाला.

कृष्णात त्या चित्राचा छापलेला कागद खिशात घालून घरी निघाला. तिसरी चौकट मुकी का, हे त्यानं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्याची आई धोंडुबाई, माहेर नेसरीचं. तिनं शाळेची पायरी चढली नव्हती. लेकाचं पहिलं चित्र छापून आलं, तेव्हा घरातले सगळे वाचून हसले आणि ती एकेकाच्या तोंडाकडं बघत राहिली. दुसऱ्या दिवसापासून शेवटची चौकट आईची झाली.

अजूनही रोज सकाळी नात वर्षाराणी आजीला पहिल्या दोन चौकटी मोठ्यानं वाचून दाखवायची. शाळेच्या घाईत एखादा शब्द सुटला की धोंडुबाई म्हणायची, "गाळलंस गं कायतरी." इतकी वर्षं ऐकून आईचा कान तयार झालाय, असं कृष्णात कौतुकानं सगळ्यांना सांगायचा. मग ती पेपर आपल्याकडं ओढायची आणि तिसरी चौकट बघून सगळ्यांच्या आधी हसायची.

चालता चालता त्यानं मनाची समजूत घातली. आईला अक्षरं म्हणजे मुंग्या. तिला पोतं दिसेल, नाव दिसणार नाही. ती हसली तर चौकट अजून तिचीच आहे. मग हो म्हणायला काय हरकत आहे?

धोंडुबाई घराच्या पुढच्या सोप्यात शेंगा फोडत बसली होती. त्यानं तिला पहिल्या दोन चौकटी वाचून दाखवल्या. गिऱ्हाईक दुधाचा रंग बघून कुरकुरतं. गवळी छातीवर हात ठेवून म्हणतो, ह्यात पाण्याचा एक थेंब निघाला तर आजच म्हैस विकतो.

धोंडुबाईनं हात पदराला पुसले आणि कागद घेतला. ती हसली नाही. तिनं पोत्यावर बोट ठेवलं आणि ते हळूहळू सरकवत नेलं.

"धन... गौरी... पशु... खा..." शेवटच्या जोडाक्षराशी ती अडली. मग तेही तिनं पार केलं. "खाद्य. हे रं कशाला हितं? आनि नळ कुठं गेला?"

कृष्णात तिच्यासमोर खाली बसला.

"आई, तुला वाचता येतंय?"

वर्षाराणी पहिलीला होती तेव्हापासून, असं तिनं सांगितलं. म्हणजे नऊ वर्षं झाली. नात अभ्यासाला बसली की तीही शेजारी पाटी घेऊन बसायची. नातीला तिनं गळ्याची शपथ घातली होती. आतून वर्षाराणीच्या हसण्याचा आवाज आला.

पाचाला दहा मिनिटं होती. कृष्णातनं यशराजला फोन लावला आणि पोतं काढून नळ मोकळा करायला सांगितलं. मग सोमवारपासून शब्दकोडं, यशराज म्हणाला, आणि सोमवारी येणारे फोन मात्र मी तुमच्याकडं वळवणार. कृष्णात बरं म्हणाला. इतकं हलकं वाटेल, असं त्याला वाटलं नव्हतं.

शब्दकोड्याचं ऐकून धोंडुबाईनं मान डोलवली. येऊ दे की, निम्मं मी सोडवीन, म्हणाली.

कृष्णातनं शेंगांचं सूप मध्ये ओढलं. मायलेक बराच वेळ शेंगा फोडत राहिले. शेवटी त्यानं विचारलंच. नऊ वर्षं एवढी मोठी गोष्ट पोटात का ठेवली? त्याला कळलं असतं तर त्यानं गल्लीभर पेढे वाटले असते.

"पेढं वाटलं असतंस की," धोंडुबाई म्हणाली. "आनि दुसऱ्या दिवशी म्हशीला बोलाय लावलं असतंस."