शटरचा डोळा

भास्करराव अहिरे तासभर गॅरेजच्या शटरशी झटत होते. सातव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आलेली लेक वंदना स्टँडवर उन्हात खोळंबली होती आणि शटर तसूभरही हलत नव्हतं. रुळांत तेल सोडून झालं, तारा हलवून झाल्या, शेवटी लाथही घालून झाली.

"अहो, तुमचा ट्रक नव्हे तो, लाथेनं चालू व्हायला!" सिंधूबाई म्हणाल्या.

वैतागून भास्कररावांनी शटरच्या कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईंनी विचारलं, "काका, शटरच्या डोळ्यावरून, म्हणजे वरच्या कॅमेऱ्यावरून, आज काही काढलंत?"

"लिंबू-मिरची. शनिवार आहे, नवी बांधणार होतो, तेवढ्यात लेकीचा फोन आला."

"तेच ते. सहा महिने डोळा झाकलेला होता, म्हणून शटर बसवताना केलेल्या तुमच्या जुन्या तपासणीवर ते उघडत होतं. आज त्यानं तुम्हाला नीट पाहिलं. तुमचे हात थरथरतात, डावीकडचं दिसत नाही. अशा माणसाला ते गाडी बाहेर काढू देत नाही."

"चाळीस वर्षं ट्रक हाकलाय मी!" त्यांनी फोन आपटला.

सिंधूबाईंनी नवी लिंबू-मिरची पुढे केली. ती बांधून डोळा झाकला की शटर पुन्हा जुन्या तपासणीवर उघडणार होतं. भास्करराव दोऱ्याला गाठ मारू लागले. एकदा सुटली, दोनदा सुटली. बोटं ऐकेचनात. त्यांनी लिंबू-मिरची सिंधूबाईंच्या हातात परत दिली. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"वंदे, रिक्षा करून ये."

"का बाबा? गाडी बिघडली?"

"नाही गं," ते म्हणाले. "गाडी चांगली आहे."