आठवी माळ

मानसीने सुईत दोरा ओवला, पण माळेला फूलच नव्हतं. नवरात्राची आठवी माळ, घटाला घालायची ती तरवडाच्या पिवळ्या फुलांचीच, असा आईच्या लातूरकडचा रिवाज. बाबा दुपारभर स्कूटर पिदडून आले होते आणि पिशवीभर झेंडू घेऊन अपराध्यासारखे दारात उभे होते. विद्यानगरच्या मागे ज्या खडकाळ जागेत तरवड माजायचा, तिथे आता प्लॉट पाडून दगड रोवले होते. बाजारात आलेला तरवड बतुकम्मा, म्हणजे इथली फुलांची देवी, रचणाऱ्या बायकांनी पहाटेच उचलला होता.

"झेंडू चालेल की गं," बाबा म्हणाले.

"तुम्हाला काय, काहीही चालतं," आई कॉटवरून म्हणाली. एवढ्याशा वाक्यात तिला दोनदा दम लागला. हृदयाची झडप निकामी झाली होती. उद्या सकाळी भरती, परवा ऑपरेशन. "चुकली तर चुकली माळ. माझ्याने आता काय होणार आहे?"

श्रावणापासून ती असंच बोलत होती. दागिने कुठल्या डब्यात, मानसीला कुठली साडी, बाबांच्या गोळ्या कुठे. त्यापुढचं काही बोलायचीच नाही.

मानसी चौदा वर्षांची. शाळेत इंग्रजी, गल्लीत दखनी नि तेलुगू, मराठी फक्त उंबऱ्याच्या आत. देवाधर्मातलं तिला फारसं कळत नव्हतं. पण ही माळ चुकली तर आई दवाखान्यातून परत येणार नाही, हे मात्र तिने मनाशी पक्कं धरलं होतं. ती तशीच अनवाणी बाहेर पडली.

काचीगुड्यातल्या त्या गल्लीत, घरासमोरच्या मोकळ्या जागेत बायका जमल्या होत्या. ताटाताटांत फुलांचे मनोरे रचले होते, पांढरे, जांभळे, केशरी, आणि प्रत्येकात तरवडाचा पिवळाधमक थर. इथे त्याला तंगेडू म्हणतात. बायका टाळ्या वाजवत, गात त्यांच्याभोवती फिरत होत्या. सगळ्यांत उंच मनोरा शेजारच्या आंडाळम्माचा, मानसीच्या कमरेएवढा. आंडाळम्मा दिवा आणायला घरात गेली होती.

तासाभरात हे सगळं तळ्यात सोडायचंच आहे, मानसीने विचार केला. ताटातली फुलं ती. मूठभर घेतली तर कुणाचं काय जातंय? तिने खालच्या थरात हात घातला.

मनोरा कलला आणि खाली बसला. शेंड्यावरची हळदीची गौरम्मा घरंगळत मातीत पडली.

गाणं थांबलं. बायकांचे चेहरे बघून मानसीला कळलं, की आपण फुलं नाही, देवी पाडली. एक म्हातारी तेलुगूत काहीतरी पुटपुटली आणि आईच्या खिडकीकडे बघून तिने दोन्ही कानांना हात लावले. आता आई जाणार, आणि आपल्यामुळे जाणार.

आंडाळम्मा दिवा घेऊन बाहेर आली. तिने ताटाकडे पाहिलं, मग मानसीच्या मुठीकडे.

"कायकू निकाली गे?"

"आई के वास्ते, आंटी. घट की माला..." पुढचं तिला कुठल्याच भाषेत बोलता येईना.

आंडाळम्माने गौरम्मा उचलली, पदराने माती पुसली, डोळ्यांना लावली. मग भुईवर फतकल मारून बसली आणि ढिगातला तरवड वेचायला लागली. एक फूल मागे ठेवलं नाही. सगळा मानसीच्या ओढणीत घातला.

"जा. पहले तेरी देवी."

मानसीला जाववेना. मघाशी पुटपुटणारी ती म्हातारीच आधी पुढे झाली. तिने आपल्या मनोऱ्याचा वरचा थर उतरवला आणि ती फुलं आंडाळम्माच्या ताटात ठेवली. मग दुसरी आली, तिसरी आली. कुणी कुणाला काही सांगितलं नाही. सगळे मनोरे बुटके होत गेले आणि मोडलेला वर चढू लागला. एवढं मोठं काही आपण आजवर पाहिलेलं नाही, असं मानसीला वाटलं, आणि ते खरंच होतं.

घरात येऊन तिने माळ ओवली. बाबांनी ती घटावर बांधली. "कुठून आणलास गं तरवड?" आईने विचारलं. मानसीने सगळं सांगितलं, मनोरा पाडल्याचंसुद्धा.

आईने मान वळवून खिडकीबाहेरच्या मनोऱ्यांकडे पाहिलं.

"वेंधळी," ती म्हणाली. "असं कुणाची देवी पाडून येतात का?" तिने दम घेतला. "पंधरा वर्षं बघतेय मी इथून, आंडाळम्मा कशी रचते ते. सांग तिला, पुढच्या वर्षी तिची बतुकम्मा मी रचून देणार. पाडली आपण, तर रचायचीही आपणच."

बाबांनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले. मानसी धावत दारात गेली.

"आंटी! अगले साल तुम्हारी बतुकम्मा आई बनाती बोल रई!"

आंडाळम्माचे दोन्ही हात फुलांत होते. तिने खिडकीकडे मान वर केली आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "बनानाच पड़ता! नै तो मैं छोड़तूं क्या उनकू?"